धोंडुबाईचं बैरंग पत्र

गुंडू पोस्टमनची बायको कुणावर जळायची, असं विचारलंत तर आमचं अख्खं गाव एका सुरात सांगेल: नवऱ्याच्या टपालाच्या थैलीवर.

कागलच्या पोस्टातून टपाल घेऊन गुंडू गावात यायचा. गावातले निम्मे तरणे पलटणीत आणि त्यांच्या बायकांना अक्षराची ओळख नाही. मग आलेलं पत्र गुंडूनंच वाचायचं, उत्तरही त्यानंच लिहायचं. बनाबाईसारखी एखादी पदर चावत "बरं हाय म्हणावं" एवढंच सांगायची. गुंडू त्याचं 'आपल्या वाटेकडे डोळे लावून बसले आहे' करायचा. त्याबद्दल चहा मिळायचा, भाजल्या शेंगा मिळायच्या आणि घरी आलं की धोंडुबाईच्या शिव्या.

"बनाबाईच्या उंबऱ्यावर घटकाभर बसतासा. माझ्यासंगं कधी असलं गोड बोललासा?"

"माझी ड्युटी हाय की ती!"

ड्युटी कसली डोंबलाची! पत्र हातात दिलं की पोस्टमनचं काम संपलं. मला विचाराल तर धोंडुबाईचं काही चुकत नव्हतं.

माघात एकदा कडाक्याचं भांडण झालं आणि ती शिरोळला माहेरी निघाली. जाताना बजावलं, "न्यायला येऊ नगासा. पत्र लिवा. त्या बायकांच्या नवऱ्यास्नी लिवतासा, तसलं."

गुंडू कार्ड घेऊन बसला आणि तिथंच अडला. धोंडुबाईलाही वाचता येत नव्हतं; शिरोळला ते कार्ड तिला वाचून दाखवणार तिथला पोस्टमन हंबीरराव. पिळदार मिशांचा, खणखणीत आवाजाचा. आपले गोड शब्द तो आपल्याच बायकोला अंगणात बसून ऐकवणार, वर तिच्या हातचा चहा पिणार, या विचारानंच गुंडूनं लेखणी खाली ठेवली. शेवटी त्यानं लिहिलं: 'म्हैस ठीक. शाळू ठीक. कळावे.'

आठवड्यानं उत्तर आलं, तेही बैरंग. म्हणजे पाठवणारानं तिकीट लावायचं नाही आणि घेणारानं दुप्पट पैसे भरायचे. दुसऱ्यांच्या बायकांची पत्रं फुकट वाचणाऱ्याला एकदा तरी भुर्दंड बसावा, म्हणून धोंडुबाईनं मुद्दाम केलेलं. कागलच्या पोस्टात सगळ्यांच्या देखत गुंडूनं खिशात हात घातला. सगळे हसले.

पत्र उघडलं. 'आपल्याविना घास गोड लागत नाही. डोळ्याला डोळा लागत नाही.' अक्षर हंबीररावाचं, चांगलं वळणदार.

खूश व्हायचं सोडून हा बाबा पेटला. घास गोड लागत नाही, हे सुचलं कुणाला? आणि हंबीररावाला सुचलं असेल, तर कुणाकडे बघून? असले शब्द कसे सुचतात, हे गुंडूइतकं कुणाला ठाऊक होतं! रजा टाकून त्यानं शिरोळची मोटार धरली.

धोंडुबाई अंगणात शेण्या थापत होती. तिनं पाणी आणायच्या आधीच त्यानं पत्र पुढं केलं.

"ह्ये शब्द तुझं का त्या मिशाळाचं?"

"आनि बनाबाईच्या पत्रातलं कुणाचं असत्यात? तिचं का तुमचं?"

तिचे म्हणावं तर खोटं आणि माझे म्हणावं तर घरी जायची सोय नाही. गुंडूनं पत्राची घडी घालून ते खिशात टाकलं.

धोंडुबाईनं शेणाचे हात धुतले, पदराला पुसले.

"म्या त्येला दोनच शब्द सांगितलं हुतं," ती म्हणाली. "न्यायला या."