पांढरे उंदीर आणि आमचा गणपती

चामराजपेटेत उंदरांना कधी तोटा नव्हता. समोर धान्याची दुकानं, बाजूला उघडं गटार. प्रत्येक घरात सापळा असायचा आणि सकाळी तो गटारापाशी रिकामा करणं हे पुरुषांचं काम. अशा गल्लीत माझ्या सुनेने एका रविवारी मार्केटातून विकतचे चार उंदीर आणले. पिंजऱ्यात घालून, रिक्षातून. बायका दारात येऊन बघत राहिल्या.

शेजारची कन्नड अक्का मला म्हणाली, "अक्का, तुमच्या सुनेचं डोकं स्वल्प इकडेतिकडे झालंय का?"

"झालं असेल तरी आमचंच आहे," मी म्हटलं.

उंदीर पांढरे होते, लाल डोळ्यांचे. एक नर आणि तीन माद्या. ते आणले होते घुबडासाठी.

सून नागपूरची. नव्वदच्या पुढची ती वर्षं, बेंगळुरात कॉम्प्युटरच्या कंपन्या नुकत्याच येत होत्या. तशा एका कंपनीत ती कामाला होती. माझा मुलगा फिरतीच्या नोकरीवर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. त्यामुळे घरात आम्ही तिघंच, मी, आमचे हे आणि ती. ती रोज बसने जायची आणि संध्याकाळी येताना भाजी आणायची. एकदा भाजीच्या पिशवीत घुबड घेऊन आली. पतंगाच्या मांज्यात अडकून पंख तुटलेलं, पांढऱ्या, बदामाच्या आकाराच्या तोंडाचं. गुरांच्या डॉक्टरने पंख बांधून दिला आणि सांगितलं की हे आता उडणार नाही. वनखात्याच्या माणसाला तिने विचारलं, तो म्हणाला तुम्हीच ठेवा, आमच्याकडे जागा नाही.

आमच्या घरात मांसमच्छी कधी शिजली नाही. तिने खाटकाकडून खिमा आणला, घुबडाने तो खाल्ला आणि आठ दिवसांत वाळायला लागलं. डॉक्टर म्हणाला, घुबडाला अख्खा प्राणी लागतो, केस आणि हाडं पोटात जायला हवीत. त्याची ते गोळी करून ओकतं आणि त्यावरच त्याचं पोट चालतं. ते नाही मिळालं तर मरेल. गल्लीतले उंदीर द्यायचे नाहीत, त्यांनी कोणाच्या तरी घरचं औषध खाल्लेलं असतं.

म्हणजे उंदीर घरीच वाढवायला हवे होते. तिने हे मला जेवताना सांगितलं, जसं काही पुदिना कुंडीत लावायचा आहे.

मी म्हटलं, "आणि मारणार कोण?"

"मी."

"तू झुरळ बघून खुर्चीवर चढतेस."

"झुरळ मला खायला नाही द्यायचं कोणाला," ती म्हणाली.

मागे जुनं न्हाणीघर होतं, बंब मोडल्यापासून बंदच. तिथे उंदीर ठेवले. आमचे हे सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले, हाताला काम नसलं की चिडचिड करायचे. त्यांनी पत्र्याचे तळ आणि बारीक जाळी लावून दोन मोठे पिंजरे केले. सगळा वेळ तोंड चालू. "गणपतीला मखर करायचे हे हात. आता त्याच्या वाहनाला तुरुंग करतोय." पण कोपरे असे वळवले की कुठे पत्रा लागू नये. काम आलं की त्यांना वाईट करताच येत नसे.

पहिली मादी व्याली तेव्हा आमच्या हातून चूक झाली, आणि ती आमच्यासारख्यांच्याच हातून व्हायची. पोरं झाली म्हटल्यावर सगळे बघायला आले. जी अक्का घुबडाला गूबे म्हणून कानावर हात ठेवायची, तीसुद्धा आली. एकजण पिंजऱ्यावरचं गोणपाट उचलून बघतेय, दुसरी म्हणतेय किती गुलाबी, तिसरीने एक हातावरच घेतलं. यांनी बॅटरी लावून मोजली. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात एकही पोर नव्हतं. आईने खाल्ली होती.

सून पिंजऱ्यासमोर उकिडवी बसली. मग म्हणाली, "आई, तुमच्याकडे बाळंतिणीला काय काय करतात?"

"काय करतात म्हणजे? अंधारी खोली, दाराला पडदा. येणाऱ्याजाणाऱ्याला आत सोडत नाहीत. खायला डिंक, खारीक, खोबरं, अळीव."

"मग तेच करून पाहू ना."

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. न्हाणीघराच्या खिडकीला तिने जुनं लुगडं लावलं, दाराला कडी. आत फक्त मी जायची, सकाळी एकदा, खाणं ठेवून लगेच बाहेर. डिंकाचे लाडू काही दिले नाहीत, पण भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, खोबऱ्याचा तुकडा द्यायची. डॉक्टरने अंडं द्या म्हटलं. आमच्या घरात पहिलं अंडं शिजलं ते उंदरांसाठी. मागच्या अंगणात, वातीच्या स्टोव्हवर, ते भांडं वेगळं ठेवून. यांनी त्या दिवशी दुपारचा चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवसापासून घेतला.

पुढच्या वेळी पोरं जगली. ती आई मी बघितलेली आहे. अंगाची कमान करून पोरांवर उभी राहायची, एखादं लांब सरकलं की तोंडात धरून आणायची. कागदाचे तुकडे करून घर असं विणायची की आत बोट घातलं तर ऊब लागावी. मला उंदीर आवडत नाहीत, तेव्हाही आवडत नव्हते. पण काम ते काम. इतकं नीट काम करणाऱ्या बायका मी थोड्याच पाहिल्या.

पोरं मोठी झाली की सून नर आणि माद्या वेगळ्या करायची. मग एकेक घुबडाला. ते ती मागच्या अंगणात दार लावून करायची. एका झटक्यात, उंदराला कळायच्या आत. मी एकदाच बघितलं. तोंड पांढरं पडलं होतं. नंतर कोपरापर्यंत हात धुतले, कपडे बदलले आणि डबा घेऊन बस पकडायला गेली.

मी विचारलं, "जिवंतच का नाही टाकत पुढ्यात? घुबडच मारेल."

"त्याला पळायला जागा नाही आई. पळायला जागा नाही त्याला जिवंत टाकायचं नाही."

रडणाऱ्या बायका मला ठाऊक आहेत. एका बाजूने दया दया करायची आणि मारायची वेळ आली की नवऱ्याला हाक मारायची. ही तशी नव्हती. जीव वाचवायचा तर जीव घ्यावा लागतो, आणि तो आपल्या हाताने घ्यायचा, हे तिने कोणाला भाषण न देता मान्य केलं होतं. घुबड भरलं. पिसं चमकायला लागली. संध्याकाळी तिचं पाऊल वाजलं की मान पार मागे फिरवून बघायचं.

मग गणपती आले.

आमच्याकडे गणपती पाच दिवसांचा, यांच्या पणजोबांपासून. हे म्हणाले, "गणपती घरात असेपर्यंत उंदीर मरणार नाही. त्याच्या पायाशी मातीचा उंदीर बसवायचा आणि मागे खऱ्याची मान मोडायची, हे माझ्याच्याने बघवणार नाही."

सून म्हणाली, "बाबा, आधी करून फ्रीजमध्ये बर्फात ठेवले तर?"

"नैवेद्याचं दूध आणि मेलेला उंदीर एका कपाटात?"

त्यात यांचं चुकत नव्हतं, मलाही ते नको होतं. पण घुबड नुकतं आजारातून उठलेलं. डॉक्टरने सांगितलं होतं की एखादा दिवस चालेल, जास्त उपास झाला तर धरणार नाही. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मी म्हटलं, "लोकांकडे दीड दिवसाचाही असतो."

"लोकांकडे असतो. आमच्याकडे पाच."

"पणजोबांच्या घरात घुबड नव्हतं."

"तू गप्प बस."

सून वाद घालत नव्हती. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणता ते सरी, बरोबरच आहे. उद्या मूर्ती येण्याआधी पहाटे त्याला खाऊ घालते. परवा दुपारी घुबड आणि एक पिंजरा घेऊन यशवंतपूरला मैत्रिणीच्या खोलीवर जाते. विसर्जन झालं की येते." यात धमकी नव्हती. धमकी मला ओळखता येते, मी सून होते तेव्हा पुष्कळ दिल्या आहेत.

चतुर्थीला तिने सगळं केलं. उकडीचे मोदक तिला नीट जमत नसत, कळ्या फाटायच्या. त्या दिवशीही फाटल्या. हे म्हणाले, "हे मोदक आहेत की उघडे पेरू?" ती हसली आणि फाटलेले आपल्या पानात घेतले. आरतीला टाळ वाजवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पिंजऱ्यावर चादर बांधली. घुबड झाकणाला भोकं पाडलेल्या खोक्यात. मी रिक्षा बोलावली. रिक्षावाल्याने खोक्यात डोकावून बघितलं. "गूबे? आगल्ला अम्मा, सणाच्या दिवशी नको," म्हणून निघून गेला. दुसरा आला, त्याला अक्कानेच ओट्यावरून सांगून टाकलं की आत काय आहे. तोही गेला.

सून म्हणाली, "बसने जाते." एका हातात खोकं, दुसऱ्या हातात पिंजरा, खांद्यावर कपड्यांची पिशवी. सणाच्या गर्दीत, दोन बस बदलून. पायरी उतरली. सासऱ्याला काही बोलली नाही, माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं नाही. फक्त खोकं आडवं होऊ नये म्हणून पायाखाली बघत चालली होती.

हे ओट्यावर उभे होते. त्यांची नजर त्यांनी स्वतः वळवलेल्या पिंजऱ्याच्या कोपऱ्यावर होती. सून गल्लीच्या टोकाच्या दुकानापर्यंत गेली तेव्हा त्यांनी हाक मारली.

"ए, इकडे ये."

ती परत आली.

"ते खाली ठेव. हात धू. आरतीचं तबक घे."

मला वाटलं, संध्याकाळची आरती दुपारीच करतात की काय. हे आत गेले, सोवळं नेसले, गणपतीसमोर बसले आणि दही घातलेल्या पोह्यांचा नैवेद्य मागितला. तो नैवेद्य आमच्याकडे फक्त निरोपाच्या दिवशी असतो. मी पोहे भिजवले. यांनी उत्तरपूजा केली, मूर्ती जागेवरून जरा हलवली आणि गणपतीला म्हणाले, मोठ्याने, आम्हाला ऐकू येईल असं, "घरात अडचण आहे. पाहुण्याला अडचण सांगावी, लपवू नये. पुढल्या वर्षी या, दीडच दिवस या."

आम्ही तिघं चालत तळ्यावर गेलो. परत येताना सुनेने तळ्याकाठची मूठभर माती आणली, ती देव्हाऱ्याजवळ ठेवली. हे कपडे बदलून खुर्चीत बसले आणि पेपर तोंडापुढे धरून म्हणाले, "आता जा. तुझं काम कर."

ती मागे गेली, दार लावलं. घुबड त्या संध्याकाळी जेवलं.

या माणसाबरोबर मी आयुष्य काढलं. यांनी एकदा ठरवलं की भिंत हलेल, हे हलणार नाहीत. त्यांना हलवायला मी ओरडले आहे, उपाशी राहिले आहे, माहेरी गेले आहे. ती मुलगी फक्त आपलं ओझं उचलून चालायला लागली. ते बघून मला तिचा हेवा वाटला नाही. आदर वाटला, आणि यांचाही वाटला.

घुबड आमच्याकडे बरीच वर्षं जगलं आणि म्हातारं होऊन गेलं. उरलेले उंदीर सुनेने साप आणि घारी सांभाळणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला दिले, पिंजऱ्यांसकट. त्या वर्षी गणपतीच्या आधी तिने यांना विचारलं, "बाबा, आता परत पाच दिवस करायचे?"

यांनी हातातला पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "नको. घुबड होतं तेव्हा घाई, ते गेलं की सवड. गणपती म्हणेल, मला काय समजता?"

हेही आता नाहीत. आमच्याकडे गणपती अजून दीड दिवसाचा आहे. पुण्याहून इथे नोकरीला आलेली नवी माणसं दर्शनाला येतात, विचारतात, "तुमच्यात पिढीजात दीडच का?" सून मोदकाच्या कळ्या पाडत असते. कळ्या अजून फाटतात. ती म्हणते, "नाही. आमच्याकडे एक आजारी होतं."