पाईपलाईनच्या वाटेवरचं गाव

हसू नका हं आधीच. चहा घ्या, पूर्ण ऐका, आणि मग खुशाल माझी अक्कल काढा.

तुम्हाला माहीतच आहे, मला चौकशीची खोड आहे. माणूस भेटला की गाव विचारायचं, गाव कळलं की तालुका, तालुका कळला की तिथे आपलं कोण निघतंय ते शोधायचं. इथे टेक्सासमधल्या प्लेनोत आल्यापासून या खोडीने मला एक लांबचा मामेभाऊ आणि जवसाच्या चटणीचा कायमचा पुरवठा मिळवून दिलाय. वाईट काय आहे त्यात?

तर ऐका. आमची कंपनी छोटी. तेलाच्या पाईपलाईनवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर करायची. गेल्या वर्षी दोन शेजारी देशांची मंडळी आमच्याकडे यायची ठरली. नावं विचारू नका, कागदावर सही करून बसलोय. त्यांचं युद्ध होऊन गेलेलं, तह झालेला, आणि दोघांच्या हद्दीतून जाणारी जुनी पाईपलाईन आता पुन्हा सुरू करायची होती. तेल वाहिलं की रस्ते होणार, कारखाने येणार, त्या सगळ्या उजाड पट्ट्यात पोरांना नोकऱ्या मिळणार.

"पण काका, त्यात टेक्साससारख्या लांबच्या मुलखाचं काय काम?" मी देशमुख काकांना विचारलं. काका जन्मभर पाईपलाईन टाकून रिटायर झालेले, आता आमचे सल्लागार.

"अरे, इकडून शंभर पिंपं निघाली आणि तिकडे नव्याण्णव पोचली, तर मधलं एक कुणी प्यायलं? की काढल्या पुन्हा बंदुका! म्हणून आकडे तिसऱ्याच्या घरी हवेत. तो तिसरा म्हणजे आपण."

करार झाला तर आमचा प्रोजेक्ट चालू राहणार होता. नाही झाला तर टीम बंद, आणि माझ्या ग्रीन कार्डचं भिजत घोंगडं टीमबरोबरच गुंडाळलं जाणार! बायको रोज विचारायची, "तुझे ते तेलवाले येतायत ना नक्की?"

मॅनेजर ब्रायनने आम्हाला चार-चारदा बजावलं. दोघांची हॉटेलं वेगळी, एअरपोर्टच्या फेऱ्या वेगळ्या, मीटिंग रूममध्ये कॉफीची भांडीसुद्धा दोन. "आणि नकाशावर फक्त पाईपलाईन दिसली पाहिजे. गावाचं एकही नाव नको. तिथे नावानावावर भांडणं आहेत."

मी मान हलवली. मनापासून हलवली, देवाशपथ!

मिनीव्हॅन माझी, म्हणून फेऱ्याही माझ्याच गळ्यात पडल्या. पहिल्या फेरीत एका देशाचे इंजिनियरसाहेब आले. सत्तरीचे, टाय घट्ट, बोलणं मोजकं. आता हायवेवर पाऊण तास गप्प कसं बसायचं हो?

"साहेब, एवढी वर्षं बंद होती, तर आतलं तेल तसंच पडून राहतं का?"

त्यांनी मला अर्धा रस्ता ते समजावून सांगितलं. मग मी सहज विचारलं, "तुमचं गाव कोणतं?"

ते जरा थांबले. गावाचं नाव घेतलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, दमले असतील प्रवासाने.

दुसऱ्या फेरीत दुसऱ्या देशाच्या मॅडम. चाळिशीच्या, हसऱ्या, मागच्या सीटवरच्या माझ्या मुलीच्या खेळण्यांशी खेळत बसलेल्या. त्यांनाही तोच प्रश्न. आणि उत्तर काय यावं?

तेच गाव!

स्टिअरिंग सुटायचं बाकी राहिलं. अहो, गाववाले निघाले की! इथे इंडियन स्टोअरमध्ये दोन साताऱ्याचे भेटले तर आपण त्यांना शनिवारी जेवायला बोलावतो. हे दोघं एका गावचे, उद्या एका टेबलाशी बसणार, आणि एकमेकांना पत्ता नाही! हॉटेलला सोडताना मी काही बोललो नाही. म्हटलं, सरप्राईज देऊ.

घरी येऊन नकाशा बघितला, तर पाईपलाईन त्या गावाला खेटूनच जात होती. आता राहवतंय का मला?

दुसऱ्या दिवशी डेमो. इकडे एक देश, तिकडे एक देश, मध्ये कॉफीची दोन भांडी. मी बटण दाबलं, नकाशा मोठा मोठा होत गेला आणि पाईपलाईनशेजारी एक लाल ठिपका उमटला. त्याखाली गावाचं नाव, ठळक अक्षरांत.

"आणि आनंदाची गोष्ट म्हणजे," मी दोन्ही हात पसरून म्हणालो, "साहेब आणि मॅडम, तुम्ही दोघं एकाच गावचे!"

ब्रायनने डोळे मिटून घेतले. देशमुख काका माझ्या कानाशी पुटपुटले, "गाढवा, ते गाव साहेबांच्या देशाचं होतं. युद्धात मॅडमच्या देशाकडे गेलं."

मी ठिपका पुसायला गेलो, तर घाईत तो आणखी मोठा झाला!

साहेबांनी खुर्ची मागे सारली. आता उठून जातात, मी मनात म्हटलं. पण ते मॅडमना म्हणाले, "गावात कुठे?"

"चक्कीशेजारी. निळ्या दाराचं घर."

"चक्कीशेजारच्या घराचं दार हिरवं आहे."

"निळं आहे."

"हिरवं! मी स्वतः रंगवलंय!"

मॅडमचा चेहरा उतरला. त्या अगदी हळू म्हणाल्या, "आम्ही नंतर निळं दिलं."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. म्हाताऱ्याचं घर गेलं होतं, त्या घरात राहणारी बाई समोर बसली होती, आणि ही गाठ मी घालून दिली होती. वर सरप्राईज म्हणून!

मग साहेबांनी विचारलं, "छप्पर अजून गळतं?"

"स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. चारदा दुरुस्त केलं."

"चुकीच्या बाजूने केलं असणार!"

असं म्हणून ते उठले, व्हाईटबोर्डवरचं माझं सिस्टिम डिझाईन हाताने पुसलं आणि तिथे छप्पर काढायला लागले. मॅडमही उठल्या आणि खडू मागावा तसा त्यांच्या हातातला मार्कर मागून घेतला. छपरावरून गाडी विहिरीवर आली, विहिरीवरून शाळेवर, शाळेवरून गाव सोडून गेलेल्या पोरांवर. लंच कॅन्सल केलं. बाकीची मंडळी खुर्च्या ओढत बोर्डाजवळ गेली. दुपारी बघतो तर कॉफीचं एकच भांडं फिरत होतं.

मला तर भरूनच आलं. बायकोला फोन केला, "अगं, करार झाल्यातच जमा आहे!"

आठवड्याने त्यांचं पत्र आलं. ब्रायनने मोठ्यानं वाचून दाखवलं. दोन्ही देशांनी ठरवलं होतं की कंट्रोल रूम त्याच गावात बांधायची, दोन्हीकडची माणसं शेजारी बसवायची, एकच मीटर दोघांनी मिळून वाचायचं. आता मध्ये तिसरा कुणी नको. तुमच्या त्या सहकाऱ्याचे शतशः आभार.

ब्रायनने कागद खाली ठेवला. "तुला कळतंय ना? यांचा एकमेकांवर विश्वास नव्हता, म्हणून आपलं पोट चालणार होतं."

टीम बंद. ग्रीन कार्डचं घोंगडं गुंडाळलं. मी नोकऱ्या शोधायला लागलो.

पहिल्याच इंटरव्ह्यूमध्ये बाईंनी विचारलं, "आधीचा प्रोजेक्ट का बंद पडला?" मी हा सगळा किस्सा छाती फुगवून, अगदी छपरासकट सांगितला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, झालं, नोकरी पक्की!

त्यांनी टिश्यूने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "फार सुंदर. पण आमची कंपनी घटस्फोटाच्या वकिलांसाठी सॉफ्टवेअर करते. तुम्ही आम्हाला परवडणार नाही."