पिठावरच्या रेघा

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी फ्रिजवर लावायची आठवड्याची यादी लिहीत होते. सोमवारी खिचडी-कढी, मंगळवारी दुधीची भाजी आणि सालीची चटणी, इथवर आले होते. "काकू, आई गेली," एवढंच अजित म्हणाला. मी पेन ठेवलं, गॅस बंद केला, रिक्षा केली. निजामपुऱ्याहून दांडिया बाजारात पोचेपर्यंत मनात एकच गोष्ट घोळत होती... शेवटच्या भेटीत त्या मला जे म्हणाल्या, ते खरं होतं की नुसती सारवासारव? माणूस गेल्यावर पहिला विचार असा यावा हे बरं नाही. पण आम्हा दोघींमध्ये इतकी वर्षं जे होतं ते संशयच होता, आणि तो वगळून वहिनींबद्दल लिहिलं तर ते खोटं होईल.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा दोन्ही भाऊ एकाच कारखान्यात होते आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आमचं एकच स्वयंपाकघर होतं. वर्षभरात कारखाना बंद पडला. त्यानंतर जे चार पैसे यायचे त्यांत सात माणसांना दोन वेळा जेवायला घालायचं काम वहिनींनी असं काही केलं की आजही मला ते नीट उलगडत नाही. गहू मात्र त्या वर्षाचा एकदम भरायच्या, दिवेल, म्हणजे एरंडेल, चोळून, कोठीत. तेवढा एक खर्च त्यांनी कधी टाळला नाही, पण दळण महिन्याला ठरलेल्या मापाचंच. बाकी सगळं काटकसरीत. भाजी संध्याकाळी उशिरा, भाव उतरल्यावर. कोथिंबिरीचे देठ आमटीत, पानं वरून. शिळ्या पोळ्यांचा कुस्करा सकाळी, आणि त्यातही दाणे मोजके. महिनाअखेर दाळ-ढोकळी, कारण एका पातेल्यात वरण, पोळी आणि भाजी तिन्ही भागतात. "पोट भरलं की नाही ते सांगा, काय खाल्लं ते विचारू नका," असं त्या मुलांना म्हणायच्या. मुलं हसायची, मीही हसायचे. मी आधीपासूनच यादी करणारी. कागदावर महिन्याचा बेत लिहून त्यांना दाखवला तर त्यांनी तो चष्म्याशिवाय लांब धरून वाचला आणि परत दिला. "कागद डब्याबाहेर असतो, सुनीता. पीठ डब्यात असतं."

त्या डब्यातच सगळं बिनसलं. लग्नानंतर महिनाभराने एकदा दुपारी मी कणकेचा डबा उघडला, तर पीठ हाताने सपाट केलेलं आणि त्यावर बोटाने ओढलेल्या सरळ रेघा. सहा. दुसऱ्या दिवशी पाच. मी माहेरी ऐकलं होतं की काही घरांत पिठावर, साखरेवर खूण करून ठेवतात, कुणी हात घातला तर कळावं म्हणून. घरात बाहेरून आलेली मी एकटीच. बाकी सगळे त्यांचे. मग खूण कुणासाठी? मला दुसरं काही सुचलंच नाही. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "वहिनी तशा नाहीत." सगळे दीर आपल्या वहिनीबद्दल हेच म्हणतात.

मग मी एक गोष्ट केली, जी लिहायला आजही लाज वाटते. वहिनी देवळात गेल्या की मी डबा उघडून रेघा पुसून टाकायचे. पीठ चिमूटभरही घेत नव्हते. फक्त तळहात फिरवून सगळं सपाट करायचे, आणि झाकण लावताना मला बरं वाटायचं. रोज नाही, राग आला की. त्या परत आल्या की डबा उघडायच्या, क्षणभर थांबायच्या आणि काही न बोलता पुन्हा रेघा ओढायच्या. पुढे तर त्यांनी झाकणावर वरवंटा ठेवायला सुरुवात केली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"उंदीर झालेत."

"दोन पायांचे का?"

वहिनींनी माझ्याकडे नुसतं बघितलं. त्या नजरेचा अर्थ मी माझ्या परीने लावला आणि पक्का करून टाकला. त्याच काळात एक नवीनच सुरू झालं होतं. महिना संपायला आठवडा असतानाच एकदम पोळ्या बंद व्हायच्या आणि दोन्ही वेळा खिचडी. मुलं कुरकुरायची. मला वाटायचं, ही मला दिलेली शिक्षा. नऊ वर्षं हे असं चाललं. शेवटी मला एका शाळेच्या ऑफिसात नोकरी लागली आणि आम्ही निजामपुऱ्यात वेगळं बिऱ्हाड केलं. सगळ्यांना कारण सांगितलं शाळा जवळ पडते म्हणून. खरं कारण तो डबा होता, आणि ते आम्हा दोघींनाच माहीत होतं. त्यानंतर सणासुदीला जाणं-येणं राहिलं, पण वहिनींच्या स्वयंपाकघरात मी पाय ठेवला नाही. बाहेरच्या खोलीत, पाहुणीसारखी बसायचे.

यंदा दिवाळीनंतर त्या आजारी पडल्या. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर मी मऊ भात घेऊन गेले. घरात आम्ही दोघीच होतो. त्या उशीला टेकून दोन घास खाऊन थांबल्या, आणि मला वाटलं, आता नाही विचारलं तर कधीच नाही.

"वहिनी, पिठावर रेघा कशाला ओढायचात?"

"किती दिवसांचं पीठ आहे ते कळायला. एक रेघ, एक दिवस. दुसरं कशाला ओढणार?"

"माझ्यावर नजर ठेवायला नव्हत्या?"

"आधी नव्हत्या." त्यांनी चमचा ताटलीत ठेवला. "तू पुसायला लागलीस, तेव्हा ठेवली नजर. जिने पीठ घेतलं नाही, ती रेघा कशाला पुसेल? तूच सांग."

"मग मला विचारलं का नाहीत?"

"तू विचारलंस? हिशेब चुकायला नको म्हणून मी आपली आधीच खिचडीवर यायचे. पीठ पुरेल की नाही, कळायचंच नाही ना मला." आणि मग, जुन्या ठसक्यात, "भातात मीठ कमी आहे."

परतताना रिक्षात मी त्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न करत होते. जमलं नाही. आजारी माणूस, समोर धाकटी जाऊ, जाता-जाता गोड बोलून मोकळं व्हायची इच्छा... असंही असू शकतं. वहिनी हुशार होत्या. वेळेवर उत्तर तयार असायचं त्यांचं. तीन आठवड्यांनी त्या गेल्या तेव्हा माझ्या मनात निकाल लागलेलाच नव्हता.

तेरावा झाला. इतके दिवस शेजारपाजारून जेवण येत होतं, म्हणून चूल बंदच होती. चौदाव्या दिवशी अजितची बायको हेतल मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. ती गुजराती, बोलायला मोकळी, पण त्या दिवशी आवाज खाली होता. "काकू, एक विचारू? मम्मींना माझ्यावर भरोसा नव्हता ने?" तिने कणकेचा डबा ओढला, तोच, पितळी, आणि झाकण काढलं. "मी कणीक मळली की रोज डबा मागायच्या. अंथरुणात बसून बोटाने हे करायच्या. मी काय पीठ विकते?"

सपाट पिठावर चार रेघा होत्या. थंडीमुळे पीठ जसंच्या तसं होतं.

वहिनींनी मला सांगितलं होतं ते मी तिला सांगितलं. ती मान हलवत राहिली, म्हणजे तिला पटलं नव्हतं. मलाच पटलेलं नव्हतं, तिला कुठून पटणार? तेव्हा मी म्हटलं, "असं कर. उद्यापासून घरात तुम्ही जेवढे आहात तेवढ्यांच्या रोजच्यासारख्या पोळ्या कर. कमी नाही, जास्त नाही. चार दिवसांनी मला फोन कर." हेतल, अजित आणि त्यांचा मुलगा, तीन माणसं. चौथ्या दिवशी डबा रिकामा झाला तर वहिनी खऱ्या.

चौथ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. "काकू, सगळं खोटं. चार दिवस झाले आणि पीठ उरलंय."

मी सवयीने विचारलं, "किती?"

"सात-आठ पोळ्यांचं असेल."

मी यादीच्या कागदाच्या मागे ते लिहून घेतलं. लिहिलं आणि पेन तिथेच थांबलं. रेघा ओढल्या तेव्हा घरात जेवणारी चार माणसं होती. "हेतल, मम्मी दिवसाला किती पोळ्या खायच्या?"

"दोन. सकाळी एक, रात्री एक..." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "काकू, या पिठाचं काय करू आता?"

"हात लावू नकोस. येते मी."

इतक्या वर्षांनी मी त्या ओट्याशी उभी राहिले. हेतलने कणीक मळली, मी लाटल्या, तिने भाजल्या. डबा तिने तळापर्यंत पुसून घेतला होता. माझा स्वभाव काही जायचा नाही. शेवटची पोळी तव्यावरून उतरली तेव्हा मी टोपलीतल्या सगळ्या पुन्हा एकदा मोजल्या. आठ होत्या.