जीएसटी प्रॅक्टिशनरची पहिली फी

चार जुलैला, दीड हजार रुपयांच्या फीची बोलणी करायला, इंदुरातल्या 'जुनी इंदूर' भागातल्या आमच्या मसाल्याच्या दुकानात मी, बायको आणि आमचे हिशेब बघणारी ती मुलगी बसलो होतो. करसल्लागाराच्या ऑफिसात आमचं जीएसटीचं काम तीच करायची. प्रत्येक आकडा दोनदा वाचायची, दुसऱ्यांदा उजवीकडून. आता तिला जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून, व्यापाऱ्यांचे रिटर्न स्वतःच्या सहीने भरून देण्याचं काम सुरू करायचं होतं. कॉमर्सची डिग्री होती, नोंदणी झाली होती; प्रॅक्टिशनरच्या परीक्षेचा निकाल तेवढा यायचा होता.

"फी आजच घ्या, मॅडम," मी म्हणालो.

"पास तो होऊ द्या, भिया!" ती म्हणाली; इंदुरात भाऊला भियाच म्हणतात. "आजवर चूक झाली की माझी, सही सरांची. आता दोन्ही माझ्याच."

"मग चुका जरा कमीच करा," बायको म्हणाली. मॅडम खळखळून हसल्या.

ती पास झाली. जीएसटीच्या पोर्टलवर आमची प्रॅक्टिशनर म्हणून आम्ही तिचं नाव निवडलं. पहिल्या रिटर्नचे दीड हजार तिलाच दिले.