बाबांची दुपारची झोप

नागपूर स्टेशनावर माझी गाडी हलली तेव्हा बाबा खिडकीचा गज धरून सोबत चालत होते. दुसऱ्या हाताची दोन बोटं आपसूक चोळली जात होती, धागा वळताना चोळतात तशी. "जाय आता. धाग्याचं नाव घेऊ नको," एवढंच म्हणाले.

इतवारीच्या आतल्या गल्लीत आमचा हातमाग. त्यावर विणणारे घरातले शेवटचे म्हणजे बाबा. मी इंजिनीअर व्हायचं, हे त्यांनी मी चौथीत असतानाच ठरवून टाकलेलं. मी मागाजवळ दिसले की ओरडायचे, "काहून आली इथं? अभ्यास कर!" मागाची खटखट मात्र पुस्तकात शिरायचीच. सगळी गणितं मी त्याच तालावर सोडवली.

आता बंगळुरूला एका रॉकेट कंपनीत आहे. गंमत ऐका. माझं काम काय, तर साच्यावर कार्बनचा काळा धागा गुंडाळून रॉकेटचं कवच बनवायचं. म्हणजे शेवटी धागाच की! साचा गोल फिरत असतो, धागा येत राहतो, आणि दुपारी डोळे जड झाले की मला इतवारीची खटखट ऐकू येते. शेजारचा तमिळ दोस्त काही विचारतो आणि मी त्याला आपल्या बोलीतच "होय गा" म्हणून जाते. बाबांना मात्र यातलं काही सांगितलं नव्हतं. "मशीनवर काम आहे," एवढंच सांगायची.

गेल्या महिन्यात आमच्या कंपनीच्या मालकाची मुलाखत पेपरात आली. साहेब म्हणाले, इंजिनीअर कॉलेजात नाही, घरात घडतो. लहानपणी ज्याला अवजाराला हात लावू दिला नाही, त्याला नंतर डिग्री देऊन काय उपयोग? त्यावर घरच्या ग्रुपवर सगळ्यांनी असा धिंगाणा घातला! धरमपेठेतल्या मास्तरीण मावशीनं लिहिलं, "मग आम्ही शाळेत काय गोट्या खेळून राहिलो काय?" पुण्याला गेलेला दादा म्हणाला, साहेबाचं बरोबर आहे, आपण सगळे नुसते रट्टू. मला तर साहेबाचा असा राग आला! घरात घडवायला घरच्यांना फुरसत तर पाहिजे.

बाबा ग्रुपवर गप्प होते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत त्यांचा फोन आला. ते स्वतःहून कधी फोन करत नाहीत, मी डबा तसाच ठेवून बाहेर आले.

"त्या साहेबाचं ऐकलं मी," ते म्हणाले. "मी तुले मागावर बसवून कधी शिकवलं नाही. चुकलं काय वं माझं?"

बाबांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला रडूच आलं. मग सगळं सांगून टाकलं. रॉकेटच्या धाग्याचं सांगितलं, आणि त्याहून जुनी चोरीही.

आमच्यात कापड उतरलं तरी जुन्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोकं मागावरच ठेवतात. नव्या ताण्याचा एकेक धागा त्या टोकांना बांधायचा. हजारो गाठी, चार-चार दिवसांचं काम. गाठ अशी बारीक हवी, की फणीच्या दातांतून सुळकन निघाली पाहिजे. दुपारी जेवून बाबा तासभर आडवे झाले की मी गुपचूप बसायची आणि दहा-बारा गाठी बांधून पळायची. इतक्या हजारांत कोणाला कळतंय, असं वाटायचं.

माझं बोलून झालं. मग बाबा हसले.

"माहीत होतं मले. तुह्या गाठी ज्वारीच्या दाण्याएवढ्या. सगळ्या फणीत अडकत. एकेक हातानं ओढून काढत होतो मी."

"मग सोडून नीट काहून नाही बांधल्या?"

"नीट बांधल्या असत्या तं तुले समजलं असतं. मग बसली असती काय तू पुन्हा?"

माग आता बंद आहे. जुनी टोकं मात्र बाबांनी अजून कापलेली नाहीत. दिवाळीला येते आहे, समोर बसवून शिकवा, असं मी त्यांना सांगून ठेवलंय. घर म्हटलं की मला अजून तीच दुपार दिसते. मागावर पडलेलं ऊन, बोटांत धरलेला धागा, आणि पलीकडच्या खोलीतून येणारं बाबांचं घोरणं. जरा जास्तच मोठ्यानं घोरायचे ते.