डक्टशेजारचं पिको मशीन

इमारतीतली भोकं बुजवणं हा माझा धंदा. वायरी आणि पाइप एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर न्यायला स्लॅबला भोकं पाडतात आणि पाइपाभोवतीची फट तशीच सोडतात. खाली आग लागली की धूर त्याच फटीतून वर चढतो. मी त्या फटीत दगडी लोकर ठासतो, वरून न जळणारा मसाला भरतो, कडेनं सीलंट फिरवतो. कागदावर याला फायरस्टॉप म्हणतात. कोल्हापुरात मला ‘भोकंवाला’ म्हणतात.

स्टँडजवळच्या एका कॉम्प्लेक्सचं असं काम मी केलं होतं. मालक हसतमुख माणूस. कुणाचा अपमान करायचा तोही हसत हसतच. दुसऱ्या मजल्यावर, वायरींच्या उभ्या डक्टला लागून, प्लायवूडचं एक खोपटं होतं. मंगळवार पेठेतली एक बाई तिथं साड्यांना पिको-फॉल करायची. आवाज असा दणदणीत की जिन्यातलं गिऱ्हाईक ती मशीनवरून न उठता बोलवायची. मला पहिल्यांदा डक्टमध्ये वाकलेलं बघून म्हणाली, “काय लिंपालाईस रं भावा? चूल घालालाईस व्हय?” आणि स्वतःच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून पुढं केला.

पुढं मालकांनी पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर एसी बसवले. त्या पाइपांसाठी कामगारांनी दोन्ही स्लॅबमधला माझा मसाला घणानं फोडला. एकदा सहज गेलो तर भोकात पोतं कोंबलेलं आणि वर थर्माकोलचा तुकडा. मी तसाच मालकांच्या केबिनमध्ये गेलो.

“मालक, पोतं पेटतं. ते नीट भरून घ्या.”

“पेटलं तर इझवायचं की!” मालक म्हणाले आणि समोर बसलेले दोघं हसले. “काम न्हाय म्हणून आता आग लावत हिंडालाईस व्हय रं?”

मी बाईला ते पोतं दाखवलं आणि सांगितलं, जागा बदलून मागा. ती मालकांकडं जाऊन विचारून आली आणि मालकांची नक्कल करत मला सांगितलं, “म्हणाला, जागा पटत नसंल तर घरात बस जा.” तिला त्याचंही हसू येत होतं.

लग्नसराईतल्या एका दुपारी तळमजल्यावरचं मीटरचं पॅनेल पेटलं. ज्वाळा वर आल्याच नाहीत. पोतं पेटलं, थर्माकोल वितळलं आणि सगळा काळा धूर डक्टमधून सरळ तिच्या खोपट्यात घुसला. दार चाचपतानाच ती पडली. दुकानदारांनी तिला उचलून खाली आणलं. दुसऱ्या दिवशी मी डक्टमध्ये डोकावलो. तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबला कुणी हात लावला नव्हता. काजळी तिथंच अडली होती. त्याच्यावरची भिंत पांढरीशुभ्र.

बाई वाचली. घसा आतून भाजला, आवाज गेला. फुंकर मारल्यासारखे शब्द तेवढे निघायचे. मालक शहाळं घेऊन दवाखान्यात आले. खाटेशी तिचा नवरा होता, मी होतो.

“चला,” मालक म्हणाले, “जरा आमचं कान तरी निवांत झालं.”

आणि हसले. नवराही हसला. ती छताकडं बघत राहिली.

चौकशीला फायर ब्रिगेडचे साहेब येईपर्यंत भोकं साध्या सिमेंटनं लिंपून वर लाल रंग मारलेला होता. मी पोत्याचं सांगितलं. साहेबांनी तिला विचारलं, तुम्ही पोतं बघितलं होतं का? तिनं नाही म्हणून मान हलवली.

मी तिच्या घरी गेलो. नवऱ्यानं मला बस म्हटलं नाही. “तुमचंच काम निखळलं म्हणून धूर आला,” तो म्हणाला. “मालकांनी सगळं सांगितलंय आम्हाला.”

“वहिनी, तुम्ही तर डोळ्यानं बघितलंय,” मी तिला म्हटलं.

तिनं मला जवळ बोलावलं. कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

“बघितलंय की,” ती म्हणाली. “पर जागा त्येच्याच हातात हाय न्हवं? परत बसू देतो म्हणालाय.”

उठलो आणि आलो.

दोन पावलं चालता यायला लागल्यावर ती खोपट्याकडं गेली, तर तिथं मोबाईलची कव्हरं टांगलेली. तिचं मशीन जिन्याखाली उभं करून ठेवलेलं. हे मला तिथल्या चहावाल्यानं सांगितलं. मालक तिला म्हणाले होते, “मुक्या बाईकडं गिऱ्हाईक कशाला यील? तूच सांग.” ती सांगायला लागली, तर कानाला हात लावून म्हणाले, “आं? मोठ्यानं बोल की!” सगळा जिना हसला, म्हणे.

आता ती घरीच पिको करते. गल्लीतून बायका हाक मारतात, आतून ओ येत नाही, तेव्हा घरात कुणी नाही असं समजून पुढं जातात. माझ्याकडं चौकशीनंतर बरेच दिवस कामच आलं नाही. निखळणारा मसाला भरतो म्हणून मालकांनी गावभर केलं होतं.

परवा माझी बायको मुद्दाम साडी घेऊन तिच्याकडं गेली. बाईनं साडी उलगडली, काठ बघितला. कुणाची कोण, हे बायकोनं सांगितलं तशी तिनं साडीची पुन्हा घडी घातली आणि परत दिली.

“दार लावलं का मग?” मी विचारलं.

“न्हाय,” बायको म्हणाली. “कोपऱ्यावर वळंपर्यंत उंबऱ्यात उभी राहून बघत हुती.”