जावेचा उन्हाळी कोबी

उन्हाळ्यात कोबी मिळतो याचं आता कोणालाच काही वाटत नाही. माझ्या मात्र पोटात दुखतं. बनारसला आमच्या ब्रह्माघाटाच्या गल्लीत भाजीवाल्यापुढे गड्डे रचलेले असतात, आणि त्यातला एखादा तरी माझ्या जावेच्या शेतातला असणार हे मला ठाऊक असतं. मी भेंडी घेते आणि पुढे निघते.

पूर्वी असं नव्हतं. मैदानी मुलखात कोबी म्हणजे थंडीचं पीक, मुलींच्या कॉलेजात मी भूगोल शिकवत होते तेव्हा हेच सांगायची. होळी झाली की तो मंडीतून नाहीसा व्हायचा. मे महिन्यात कुठे दिसलाच तर पहाडावरून आलेला, भावाने चढलेला आणि चवीने उतरलेला. आता ऊन सोसणारं बियाणं निघालं आहे, पिकावर सावली धरणारी हिरवी जाळी आली आहे, थेंबाथेंबाने पाणी देणाऱ्या नळ्या आल्या आहेत. देशभर शहरांभोवतीची शेतं आक्रसत चालली आहेत आणि उरलेल्या तुकड्यांतून लोक बारा महिने भाजी काढतात. विद्यार्थिनींकडून मी जमिनीच्या वापराचे नकाशे करून घ्यायची, शेतीला पिवळा रंग आणि वस्तीला लाल. शेवटी शेवटी मुलींच्या लाल पेन्सिली आधी संपायला लागल्या होत्या. त्या लालात आमचाही एक तुकडा आहे.

शहराबाहेर, आता जिथून रिंगरोड जातो तिथे, सासऱ्यांची शेती होती. वाटण्या झाल्या तेव्हा घरच्या रीतीप्रमाणे देव थोरल्याकडे, म्हणजे आमच्याकडे आले, आणि जमिनीत आधी निवडायचा मानही आम्हालाच मिळाला. आम्ही रस्त्याकडची बाजू घेतली. धाकट्या दिरांना कालव्याकडचा सखल भाग गेला, पावसाळ्यात पाणी तुंबायचं तो. त्या दिवशी मी जावेशी फार प्रेमाने वागले, कारण मला तिची दया आली होती.

पुढे मुलीला बंगळूरला नोकरी लागली, तिथे तिला घर घेऊन द्यायचं ठरलं, आणि आम्ही आमची बाजू प्लॉटवाल्याला विकून टाकली. तेव्हा सगळेच विकत होते. दीर गेल्यावर जावेलाही लोकांनी तेच सुचवलं, मीसुद्धा सुचवलं. ती बँकेत अधिकारी होती, चांगल्या हुद्द्यावर. तिने नोकरी सोडली, जाळी ताणली आणि शेतावर दोन खोल्या बांधून तिथेच राहायला गेली. आम्ही विकलेल्या जागेवर आज नुसत्या कुंपणाच्या भिंती आहेत, आणि त्यांच्या पलीकडे ऐन वैशाखात तिचा हिरवागार कोबी.

वाटणीतली एक गोष्ट अजून पाळली जाते. शेतातलं पहिलं पीक थोरल्या घरच्या देवापुढे ठेवायचं. त्यामुळे दर उन्हाळ्यात पहिला गड्डा घेऊन जाऊ गल्ल्या तुडवत येते आणि म्हणते, "वहिनी, देवापुढे ठेवा." मी म्हणते, "आपल्या देवाला कोबी चालत नाही." सासूबाईंच्या वेळी नैवेद्याच्या पानात कोबी नसायचा, हे खरं आहे. तो वर्ज्य होता की उन्हाळ्यात मिळतच नव्हता, हे सांगायला त्या आता नाहीत, आणि मला त्यात खोलात शिरायची गरज वाटत नाही. जाऊ हसते, गड्डा स्वयंपाकघरात ठेवते, पन्हं पिऊन जाते. भांडली असती तर बरं झालं असतं. गड्डा मी कामवालीला देऊन टाकते.

एवढंही मी सोसलं असतं. पण तिने माझी मुलगी नेली.

मुलीने बनारसला परत यावं म्हणून मी काय नाही केलं. इथल्या नोकऱ्या सुचवल्या, वडिलांचे गुडघे पुढे केले, स्वतःचं ब्लडप्रेशरसुद्धा फोनवर वाचून दाखवलं. "बघू," एवढंच ती म्हणायची. यंदा थंडी सरता सरता ती आली. कंपनीने काही महिने घरून काम करायला परवानगी दिली होती, आणि तिने घर म्हणून शेत निवडलं. सकाळी लॅपटॉप घेऊन ऑटोने जायची ती संध्याकाळी नखांत माती घेऊन परतायची. येताच सुरू, "काकू म्हणते..." माझ्याकडे असताना हिने कधी स्वतःचा कप विसळला नव्हता. मग ती रात्रीही तिकडेच राहायला लागली. मी आंबेडाळ केली की डबा भरून घ्यायची, आणि तिकडे दोघी मिळून खायच्या.

परवा सकाळी दोघी आल्या. या वेळी गड्डा मुलीच्या हातात होता.

"आई, ही रोपं मी लावलीत. देवापुढे ठेव ना."

"चालत नाही, माहीत आहे तुला."

आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "अगं, रख दे ना. देव काय हाकलून देणार आहेत?"

मी जागची हलले नाही. तेव्हा मुलगी म्हणाली, "पीक नीट निघालं तर मी नोकरी सोडणार, आई. इथेच राहणार, शेती करणार. नाही निघालं तर परवानगी संपली की परत बंगळूर. काकूशी तसं ठरलंय."

काकूशी ठरलंय. मला निदान विचारलं तरी असतं.

"आणि राहणार कुठे?" मी विचारलं.

"शेतावर. दर रविवारी येत जाईन तुझ्याकडे."

मी जावेकडे पाहिलं. ती चक्क हसत नव्हती. तिचे ओठ उन्हाने फुटले होते. "लू फार सुटलीय, वहिनी, नुसता भाजणारा वारा," ती म्हणाली. "हा एक धरला, बाकीचे अजून कोवळे आहेत. टिकतील की नाही, सांगता येत नाही."

मी मुलीच्या हातातून गड्डा घेतला, धुतला आणि देवापुढे ठेवला. जाऊ माझ्या शेजारी हात जोडून उभी राहिली.

गेले दोन उन्हाळे, लू सुटली की मी याच देवांपुढे उभी राहून म्हणत आले आहे, अजून थोडी सुटू दे. यंदा त्यांनी माझं ऐकलं तर मुलगी बंगळूरला जाईल. नाही ऐकलं तर ती बनारसला राहील, जावेच्या खोल्यांत, आणि माझ्या वाट्याला येतील रविवार.

मी हात जोडले. जावेच्या कोबीला काही होऊ देऊ नका, म्हटलं. अगदी मनातल्या मनात म्हटलं, तिला ऐकू जाऊ नये म्हणून.